शिशाचा छर्रा कुणाला लागतो?



ज्वारी निसवायला लागली की तालुक्याच्या गावी एअरगनची चौकशी वाढते. रोही, रानडुकरे, माकडे आणि भोरड्यांचे थवे यांनी पिकाची जी धूळधाण चालवली आहे, तिच्यावर शेतकऱ्याने स्वतःपुरता काढलेला हा तोडगा. तोडगा कसला, मनाची समजूत! त्या बंदुकीने डुक्कर मरत नाही आणि रोही हटत नाही. मरतात ते तित्तर, लावे, होले आणि ससे. ज्या छऱ्याने ते मरतात तो शिशाचा असतो आणि ते मांस आमच्याच चुलीवर शिजते.

आमचे म्हणणे सरळ आहे. शेत राखण्याचा हक्क आम्हाला पाहिजे आणि तो पुरा पाहिजे. शिशाचा छर्रा मात्र आमच्या शिवारात नको. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे आपल्यातल्याही काही जणांना वाटते. "आधी डुकराचे बघा, मग छऱ्याचे" असे कार्यकर्ते बैठकीत म्हणतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत.

आधी बंदुकीचा हिशेब करू. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० जूलपेक्षा कमी जोराची एअरगन परवान्याशिवाय मिळते. २० जूल म्हणजे किती? दोन किलोचा दगड एक मीटर उंचीवरून पायावर पडला तर जेवढा दणका बसेल, साधारण तेवढा. खेड्यातल्या नळी मोडून भरायच्या बंदुका त्याहूनही कमी जोराच्या असतात. ऐंशी किलोच्या रानडुकराला एवढ्याने काय होणार? छर्रा कातडीत रुतून बसतो, जनावर बिथरते आणि दुसऱ्या दिवशी नाल्याच्या काठाला कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर येते. रोह्याला छर्रा लागला तर ते शेजाऱ्याच्या तुरीत जाते, म्हणजे आपले नुकसान शेजाऱ्याच्या नावावर चढते.

तेव्हा एअरगन पीक राखते हा भ्रम आहे. ती घेतली जाते डुकराच्या रागाने आणि चालवली जाते सशावर. हे कटू वाटेल, पण गावोगाव हेच दिसते. कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसते ठार मारणे नव्हे. जखमी करणे, सापळा लावणे आणि मारण्याचा प्रयत्न करणेही शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याची शिक्षा याहून कडक आहे. छर्रा शिशाचा असो की सोन्याचा, सशावर झाडला तर गुन्हा तो गुन्हाच. बिनशिशाचा छर्रा वापरा म्हणजे शिकारीला मोकळीक, असा अर्थ या लेखातून कुणी काढू नये.

मग छऱ्याची चर्चा कशाला? कारण बंदुका घरोघर आहेत, त्या उद्या नाहीशा होणार नाहीत, आणि त्यांचे रास्त उपयोगही आहेत. पोरे पत्र्याच्या डब्यावर नेम धरतात. खळ्यातली घूस आणि कणगीपाशी आलेला उंदीर टिपला जातो. यात कुणाचा गुन्हा नाही. पण प्रत्येक वेळी नळीतून अर्धा ग्रॅम शिसे बाहेर पडते. पाचशे छऱ्यांची एक डबी संपवली की पाव किलो शिसे आपल्या अंगणात, खळ्यावर आणि बांधावर पसरले.

शिसे काय करते हे आपल्या लोकांना कुणी सांगितलेलेच नाही. गंधक, फॉस्फेट आणि जस्ताची कमतरता यांवर कृषी खात्याची पत्रके निघतात. शिशावर एकही पत्रक आमच्या हाती आजवर आलेले नाही. तेव्हा आम्हीच सांगतो. शिशाला शरीरात कसलेही काम नाही. लोह पाहिजे, जस्त पाहिजे, तांबेसुद्धा थोडे पाहिजे. शिसे तीळभरही नको. त्याची अमुक मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही, कारण तशी मात्रा सापडलेलीच नाही. ते मुलांच्या मेंदूवर जाते. मूल मरत नाही, आजारीही दिसत नाही. ते जरा मंद होते, चिडके होते, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि मास्तर म्हणतो की शेतकऱ्याचे पोर आहे, याच्या डोक्यात काही शिरत नाही.

एक हिशेब मांडून पाहा. तीन वर्षांच्या, तेरा किलोच्या मुलाच्या अंगात साधारण एक लिटर रक्त असते. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले की ते कुठून येते ते शोधा आणि बंद करा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन आहे. म्हणजे एक लिटर रक्तात ५० मायक्रोग्रॅम. एका छऱ्यात ५ लाख मायक्रोग्रॅम शिसे असते. छऱ्याचे दहा हजार भाग करा आणि त्यातला एक भाग मुलाच्या रक्तात उतरू द्या, की ही पातळी गाठली. हाडावर आपटलेल्या छऱ्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. दाताखाली आला तो छर्रा थुंकला, पण रश्श्यात उतरले ते पोटात गेले. चिंच, टोमॅटो किंवा आमसूल घातले की शिसे जास्तच विरघळते.

शिवाय मोठ्या माणसाच्या आतड्यातून पोटातल्या शिशाचा साधारण दहावा भाग रक्तात जातो, तर लहान मुलाच्या आतड्यातून निम्म्यापर्यंत. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात पांढुरकी, रक्त नसलेली मुले आणि बाया घरोघर आहेत. म्हणजे ज्या घरात खायला कमी, त्याच घरात शिसे जास्त मुरते. ते हाडात वर्षानुवर्षे साठून राहते. बाईला दिवस गेले आणि हाडातले कॅल्शियम बाळासाठी निघू लागले की त्याबरोबर साठलेले शिसेही निघते. बापाने पोरसवदा वयात केलेल्या शिकारीचे मांस आईने तेव्हा खाल्ले असेल, तर त्याचे देणे पोटातले लेकरू फेडते. सावकाराचे कर्ज पिढीजात असते हे आम्ही तीस वर्षे सांगत आलो. हे कर्ज तर जन्माच्या आधीपासूनचे.

आणि पोरांची ती सवय! एका हाताने बंदूक मोडायची, दुसऱ्या हाताने छर्रा भरायचा, म्हणून चार छर्रे तोंडात धरून ठेवायचे. ज्या घरात बंदूक असेल तिथल्या आयांनी आज संध्याकाळीच पोराला विचारावे. छर्रे हाताळून तेच हात भाकरीला लावायचे, हे तर सगळेच करतात.

आता आमच्या स्वतःच्या विषयाबद्दल, म्हणजे मातीबद्दल. इथे उगाच भीती घालणार नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत शिसे मातीच्या कणांना आणि चुन्याला घट्ट धरून बसते. ते विरघळून ज्वारीच्या दाण्यात किंवा सरकीत भराभर चढते असे नाही. कुणी व्यासपीठावरून तसे सांगत असेल तर त्याला आपण अडवले पाहिजे. पण घट्ट बसते याचाच दुसरा अर्थ असा, की ते जात नाही. शेणखत कुजते, गवत कुजते, युरिया उडून जातो. शिशाचा छर्रा नातवाच्या नांगराला लागेपर्यंत तिथेच राहतो.

आणि तो कोंबडीला सापडतो. पक्ष्यांना दात नसतात. दाणे भरडायला ती बारीक खडे गिळतात आणि ते पोटातल्या जात्यात ठेवतात. कोंबडीला, होल्याला, तित्तराला छर्रा म्हणजे एक छान गोल खडा. तो पोटात दळला जातो, आम्लात विरघळतो आणि रक्तात जातो. बदकाला तर शिशाचा एक छर्रासुद्धा मारू शकतो. परसातली कोंबडी मेली तर आपण मानमोडी म्हणतो आणि उकिरड्यावर टाकतो. ती जगली तर तिच्या अंड्यातून शिसे पुन्हा त्याच पोराच्या ताटात येते. छर्रा लागलेली घूस खळ्याबाहेर फेकली की तिला घार उचलते, घुबड उचलते. घुबडाचे एक जोडपे हंगामात किती उंदीर खाते हे ज्याच्या शेतात जुने वडाचे झाड आहे त्याला ठाऊक आहे. उंदीर मारण्यासाठी उंदराचा वैरी मारायचा, ही कसली शेती?

गिधाडांची गोष्ट आठवा. आपल्या हाडकीवर पूर्वी मेलेले जनावर दोन-चार तासांत साफ व्हायचे. १९९० नंतर गिधाडे दिसेनाशी झाली, का ते कुणालाच कळेना. २००४ साली कारण सापडले. गुरांना दुखण्यावर टोचायचे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडात जात होते. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीच ३ मिलिलिटरवर आणावी लागली. औषध काढले कंपनीने, विकले दुकानदाराने, टोचले गुरांच्या डॉक्टरने. मग बोल कुणाला लागला? शेतकऱ्याला. वन्यजीवांच्या नावाने शहरात जे गळे काढले जातात त्यात त्या वेळी कुणी असे म्हटले नाही, की शेतकऱ्याला हे कुणी सांगितलेच नव्हते. शिशाच्या छऱ्याचेही असेच होणार आहे. उद्या एखाद्या मेलेल्या गरुडाच्या पोटात छर्रा सापडेल आणि वर्तमानपत्रात आपल्या तालुक्याचे नाव छापून येईल.

शिसे घातक आहे हे सरकारला माहीत नाही असे नाही. २००० साली देशभरच्या पेट्रोलमधून शिसे काढले. का? शहरातल्या पोरांच्या नाकात ते जात होते. घराच्या रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको, असा नियम २०१६ मध्ये केला आणि २०१७ मध्ये लागू केला. का? भिंतीचे पोपडे बंगल्यातली आणि फ्लॅटमधली पोरे तोंडात घालतात. चांगलेच केले, आमची तक्रार नाही. पण पेट्रोल बदलताना गाडीवाल्याला कुणी गुन्हेगार ठरवले नाही. तेल कंपन्यांना सांगितले, कारखान्यात फेरबदल झाले आणि पंपावर शिशाचे पेट्रोल मिळेनासे झाले. इंडियाच्या अंगणातले शिसे कारखान्यात थांबते. भारताच्या अंगणातले शिसे डबीत भरून विकले जाते, आणि शस्त्र नियम बंदुकीचे जूल मोजतात, छर्रा कशाचा आहे हे विचारत नाहीत.

परदेशाचे दाखले आम्ही जपूनच देतो, पण इथे उपयोगी आहेत. अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिकारीच्या बंदुकीचे शिशाचे छर्रे बंद केले आणि २०२४ मध्ये शिशाच्या गोळ्याही. कॅलिफोर्नियात काँडोर नावाचे प्रचंड गिधाड शिशाने मरू लागले. १९८७ मध्ये रानात उरलेला शेवटचा पक्षी धरून पिंजऱ्यात आणावा लागला. तिथे बिनशिशाच्या काडतुसांचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि २०१९ पासून पुरा लागू झाला. ब्रिटनने २०२५ मध्ये शिशाच्या छऱ्यांवर आणि मोठ्या गोळ्यांवर बंदी जाहीर केली. या ब्रिटनच्या बंदीतून काय वगळले माहीत आहे? एअरगनचे छर्रे. बंदूक लहान, म्हणून विषही लहान धरले असावे. तिकडे एअरगनने सशाची आणि पारव्याची शिकार कायदेशीर आहे, आणि तिकडचे कितीतरी शिकारी कायद्याची वाट न पाहता बिनशिशाचे छर्रे वापरतात. जे त्यांनी छंदासाठी केले ते आपण लेकरांसाठी करायला काय हरकत आहे?

बिनशिशाचा छर्रा म्हणजे कथिलाचा, किंवा कथील, जस्त, तांबे यांच्या मिश्रणाचा. भांड्यांना कल्हई करतात ते कथील. त्याचे दोष लपवणार नाही. शिसे जड, एका घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम. कथील ७.३. म्हणजे त्याच मापाचा छर्रा दोन तृतीयांश वजनाचा. तो नळीतून वेगाने निघतो, पण लवकर ढिला पडतो. वीस-पंचवीस मीटरपर्यंत चांगला चालतो, त्यापुढे वाऱ्याने भरकटतो. शिसे मऊ असते, नळीतल्या आट्यांत बसते. हा जरा टणक, काही नळ्यांना मानवतो, काहींना मानवत नाही, दोन-तीन प्रकार झाडून बघावे लागतात. दगडावर आपटला तर उलटून येण्याची शक्यता जास्त, म्हणून मागे मातीचा बांध किंवा पोत्यांची थप्पी पाहिजे. आणि महाग आहे. खळ्यातल्या घुशीसाठी आणि डब्यावरच्या नेमासाठी वीस मीटर पुष्कळ झाले. त्याहून लांबचा नेम कुणाला हवा असेल तर तो कशावर धरायचा आहे, ते त्याने आधी सांगावे.

भोरड्यांना आणि पोपटांना तर छर्राच नको. माळ्यावर बसून गोफण फिरवणारी आपली आजी मातीचे गुंडे वळून उन्हात वाळवायची. पक्षी उडून जायचे आणि गुंडा पहिल्या पावसात विरघळून जायचा. बिनशिशाच्या दारूगोळ्याचा शोध विलायतेने लावला असे कुणी सांगू नये.

"बोलू नका, नाहीतर सरकार बंदुकाच काढून घेईल," अशी भीती काही कार्यकर्त्यांना वाटते. आम्हाला उलट वाटते. आपण गप्प राहिलो तर हा विषय दुसरे कुणीतरी काढणार, आणि ते आपल्याला विचारून काढणार नाहीत. ज्या दिवशी एखाद्या तालुक्यात मुलांच्या रक्तात शिसे सापडेल, त्या दिवशी बंदूकही जाईल, डुकराच्या बंदोबस्ताची मागणीही जाईल आणि वर "पोटच्या पोरांना विष घालणारे" हा शिक्का बसेल. आजच आपण म्हटले, की आमच्या पोरांना शिसे नको आणि आमच्या पिकाला डुक्कर नको, तर दोन्हींचे उत्तर सरकारला द्यावे लागेल.

डुकराचे उत्तर कायद्यात आहे. त्याच १९७२ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, पहिल्या अनुसूचीबाहेरचा प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल तर लेखी कारणे देऊन त्याला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाला आणि प्राधिकृत अधिकाऱ्याला आहे. 'उभे पीक' हे शब्द कायद्यातच आहेत, आम्ही घुसडलेले नाहीत. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरते प्राण्याला उपद्रवी ठरवू शकते. २०१५-१६ मध्ये बिहार, उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशात तसे ठरवलेही. म्हणजे इच्छा झाली की कलम सापडते. आपल्याकडे अर्ज द्यायचा, पंचनाम्याची वाट पाहायची, तोवर डुकरांनी वावर नांगरून ठेवलेले असते. या दिरंगाईनेच माणूस एअरगनच्या दुकानात जातो. म्हणून शिशाचा आणि डुकराचा प्रश्न आम्ही एकाच निवेदनात मांडतो आहोत.

जिल्हा बैठकीत ठराव येईल तो असा. एअरगनच्या छऱ्यातले शिसे पेट्रोलसारखे कारखान्यातच बंद करावे, मुदत ठरवून, आणि शेतकऱ्यावर एकही खटला न घालता. तोवर प्रत्येक डबीवर छर्रा कोणत्या धातूचा आहे आणि तो तोंडात धरू नये, हे मराठीत ठळक छापावे. शेतकऱ्याने आणून दिलेले शिशाचे छर्रे दुकानदाराने वजनावर परत घ्यावेत. मोडीत शिशाला भाव आहे, फुकट मागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या वाटताना मुलांच्या रक्तातले शिसे तपासण्याची सोय निदान जिल्ह्याच्या ठिकाणी असावी. आणि कलम ११ खालच्या अर्जाचा निकाल पीक उभे असेपर्यंत लागावा, पीक गेल्यावर नव्हे.

ठरावावर वाद होईल, तो व्हावा. ज्यांच्याकडे एअरगन आहे त्यांनी बैठकीला बंदूक आणू नये, छऱ्याची डबी आणावी. डबीवर काय छापले आहे आणि काय छापलेले नाही, हे सगळ्यांनी मिळून वाचायचे आहे. निवेदनाला रिकाम्या डब्या जोडायच्या आहेत. भरलेल्या असतील तर बरोबर प्लॅस्टिकची बरणी आणा, छर्रे बैठकीच्या जागीच वजन करून एकत्र ठेवू.